यादीची प्रत घेताना होणाऱ्या या चुका टाळा

प्रोग्राम लिहिताना एका यादीत (लिस्टमध्ये) बदल केला आणि दुसरीही बदलली, असे दिसले की लूपमध्ये दोष शोधण्याआधी याद्या खरोखर दोन आहेत का, हे तपासावे. पायथॉनमध्ये ‘नवी = जुनी’ असे लिहिल्याने प्रत तयार होत नाही; त्याच ऑब्जेक्टला दुसरे नाव मिळते. ‘इज’ ऑपरेटरने दोन्ही नावे ताडून पाहिली की एका ओळीत उलगडा होतो. दुहेरी बरोबर चिन्ह येथे उपयोगाचे नाही, कारण ते केवळ आतील मूल्ये पाहते.

ही चूक लवकर सापडते. फसवते ती अर्धवट झालेली प्रत. ‘जुनी[:]’ किंवा ‘कॉपी’ मेथड वापरल्यास बाहेरची यादी नवी होते, पण आतील याद्या व डिक्शनरी (नाव-मूल्य जोड्यांचे संच) सामायिकच राहतात. म्हणून नव्या यादीत घटक वाढवून पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते आणि आतील एखाद्या यादीला हात लावताच मूळ माहितीही बिघडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे तीन ओळींचा तक्ता:

जाळी = [[0] * 3] * 3
जाळी[0][0] = 5

केवळ पहिल्या ओळीत 5 यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मिळते [[5, 0, 0], [5, 0, 0], [5, 0, 0]]. आतील ‘[0] * 3’ निर्धोक आहे, कारण पूर्णांक जागच्या जागी बदलता येत नाही. बाहेरच्या गुणाकाराने मात्र एकाच ओळीचा संदर्भ तीनदा ठेवला जातो. अशा वेळी आतील याद्यांचीही नक्कल करणारी ‘डीपकॉपी’ वापरूनही दोष जात नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. डीपकॉपी आधी नक्कल केलेल्या ऑब्जेक्टची नोंद ठेवते आणि तोच ऑब्जेक्ट पुन्हा समोर आला की तीच नक्कल वापरते, त्यामुळे नव्या जाळीतही तिन्ही ओळी मिळून एकच ऑब्जेक्ट असतो. खरा उपाय म्हणजे लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (चौकटी कंसातच ‘फॉर’ लिहून) प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे घडवणे. शिवाय मोठ्या रचनेवर डीपकॉपी वेळ आणि मेमरी दोन्ही खाते, आणि आत उघडी फाइल किंवा लॉक असेल तर थेट एरर देते.

फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी यादी डीफॉल्ट म्हणून देणे हीही त्याच जातीची चूक आहे. ती यादी फंक्शनच्या व्याख्येच्या वेळी एकदाच तयार होते आणि मागच्या कॉलमध्ये भरलेले घटक पुढच्या कॉलमध्ये तसेच सापडतात. डीफॉल्ट ‘नन’ (‘काहीच नाही’ दर्शवणारे मूल्य) ठेवावे आणि यादी फंक्शनच्या आत तयार करावी.

जावातही सावध राहावे. तेथील ‘अनमॉडिफायेबललिस्ट’ ही प्रत नसून मूळ यादीवर उघडणारी खिडकी आहे. मूळ बदलली की तिच्यातूनही बदल दिसतो. जावा 10 पासून उपलब्ध असलेले ‘लिस्ट.कॉपीऑफ’ मूळ यादीतील पुढील बदलांपासून अलिप्त राहते, परंतु आतील ऑब्जेक्ट तेथेही सामायिकच असतात.