मागच्या रांगेला काहीच दिसत नाही? स्लाईड दाखवताना या चुका टाळा

मागच्या वर्षी सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, हिशोब दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, सप्टेंबर संपायच्या आत मीटिंग उरकायची म्हणून सगळी घाई, आणि मी एक्सेलची अख्खी शीट एकाच स्लाईडवर चिकटवली. लिफ्ट दुरुस्तीचा आकडा होता १,८४,०००, शेवटच्या रांगेतल्या काकांना तो दिसला ९,८४,०००. मग काय, अर्धा तास नुसता गोंधळ. चूक काकांची नाहीच, देवनागरीतले १ आणि ९ बारीक आणि धूसर झाले की सारखेच दिसतात.

तर पहिली चूक हीच, सगळं एकाच स्लाईडवर कोंबायचं आणि मग "मागे दिसत नसेल, मी वाचून दाखवतो" म्हणायचं. चाळीस ओळींपैकी लोकांना खरं बघायच्या असतात तीन-चार. पूर्ण शीट दाखवा पण फक्त पाच सेकंद, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं, आणि पुढच्या स्लाईडवर तेवढ्याच ओळी मोठ्या करून टाका. स्लाईड वाढल्या तर वाढू दे, स्लाईडला काही पैसे पडत नाहीत.

दुसरी चूक जास्त डेंजर आहे कारण ती लॅपटॉपवर दिसतच नाही. आपण १०० टक्के झूमवर असलेल्या एक्सेलचा स्क्रीनशॉट काढतो आणि स्लाईडवर कोपऱ्याला धरून ताणतो. ताणल्याने अक्षर मोठं होतं, स्पष्ट होत नाही. आधी एक्सेलमध्ये झूम २०० करा, नको ते कॉलम हाईड करा, मग विंडोज-शिफ्ट-एस दाबून हवा तेवढाच भाग उचला. बिलाचे फोटो व्हॉट्सॲपवरून मागवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून आले की ते दाबून लहान केलेले असतात. आणि एवढं करूनसुद्धा पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं पुन्हा दाबू शकतं, म्हणून फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' वर टिक करा. हे चित्रं टाकायच्या आधी करायचं बरं का, एकदा गेलेला बारकावा परत येत नाही, आणि ही टिक त्या एका फाइलपुरतीच असते.

फॉन्ट किती पॉइंटचा हवा हे सगळे विचारतात पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही, पडदा केवढा आणि शेवटची खुर्ची किती लांब यावर सगळं आहे. मी करतो तो हिशोब सांगतो. पडदा ४ फूट उंच, शेवटची रांग ३० फुटांवर. १५.६ इंची लॅपटॉपच्या स्क्रीनची उंची साडेसात इंचांच्या आसपास, म्हणजे पडद्याच्या सहाव्या हिश्श्याहून थोडी कमी. मग अंतरही सहावा हिस्सा धरा, लॅपटॉपवर स्लाईड फुल स्क्रीन करा आणि साधारण पाच फूट मागे जाऊन उभे राहा, जे तिथून वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेलाही येणार नाही. घरातल्या चष्मेवाल्या माणसाला उभं केलं तर अजून उत्तम.

मराठीचं एक वेगळं दुखणं आहे. त्याच पॉइंटला कोकिळा फॉन्ट मंगलपेक्षा बराच बारीक दिसतो. दोन ओळींमधलं अंतर कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, अनुस्वार तर सगळ्यात आधी गायब होतो. आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट मशीनवर असेल तरच मराठी दिसतं अशा फॉन्टमध्ये, टाइप केलेलं दुसऱ्याच्या मशीनवर नेलं की एबीसीडीचा भुगा, ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

प्रोजेक्टरच्या बॉक्सवर '१०८० पी सपोर्ट' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, सपोर्ट म्हणजे तो तसला सिग्नल घेतो एवढंच. नेटिव्ह रेझोल्यूशन बघा, म्हणजे प्रोजेक्टर स्वतः खरोखर किती पिक्सेल दाखवतो, ते १०२४ बाय ७६८ किंवा त्याहून कमी असू शकतं, आणि मग लॅपटॉपवरचे १९२० बाय १०८० पिक्सेल त्यात दाबून बसवले जातात. डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरचं नेटिव्ह रेझोल्यूशन निवडा. प्रोजेक्टर वाकडा ठेवून कीस्टोनने, म्हणजे तिरकं चित्र सरळ करायच्या सेटिंगने, चित्र सरळ करू नका, त्यातही अक्षरं धूसर होतात, सरळ खाली दोन वह्या सरकवा. पांढऱ्यावर राखाडी किंवा पिवळी अक्षरं मात्र अजिबात नको, खिडकीतून ऊन आलं की ती गेलीच.

मध्येच कोणी म्हणालं "ती ओळ जरा मोठी करा" तर स्लाईड शो बंद करून धावपळ करू नका. नव्या पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असतानाच कंट्रोल आणि प्लस दाबलं की झूम होतं. एक्सेल किंवा पीडीएफ दाखवत असाल तर मायक्रोसॉफ्टचं फुकट झूमइट टाकून ठेवा, कंट्रोल-१ ने स्क्रीन थांबून मोठी होते, वर लाल गोलही काढता येतो, एस्केपने बाहेर. काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर विंडोज आणि प्लस दाबून मॅग्निफायर. फक्त मूळ स्क्रीनशॉटच धूसर असेल तर झूमने धूसरपणाच मोठा होणार.

ऑनलाइन झूम कॉलवर शेअर करताना 'ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप' ची टिक काढा, ती व्हिडिओसाठी आहे, तिच्याने अक्षरं धूसर होऊ शकतात. निम्मे लोक मोबाईलवर असतात हेही लक्षात ठेवा.

आणि काही गोष्टी स्लाईडवर जातच नाहीत, पूर्ण ताळेबंद त्यातलाच. यंदा मी त्याच्या वीस प्रती काढून आधीच खुर्च्यांवर ठेवणार आहे, मागच्या रांगेपासून सुरुवात करून.