सिव्हिअर न्युमोनिया कसा ओळखायचा आणि पहिल्या तासात काय करायचं
घरून आलेल्या पेशंटला ताप, खोकला, धाप असेल तर एक्सरेची वाट बघत बसू नका, आधी श्वास मोजा, तोही पूर्ण 1 मिनिट, कारण घाईत हाच आकडा सगळ्यात जास्त चुकतो. 30 किंवा त्याहून जास्त श्वास, बीपी वरचं 90 च्या खाली, नव्यानेच बडबड किंवा गोंधळ, रक्तातलं युरिया वाढलेलं, वय 65 किंवा जास्त, यातलं 3 किंवा जास्त जुळलं की केस गंभीर धरायची. व्हेंटिलेटर लागला किंवा बीपी टिकवायला औषधाची ड्रिप लागली तर थेट आयसीयू. म्हाताऱ्या माणसांना कधी कधी ताप येतच नाही बरं का, नुसते गोंधळलेले असतात, तिथे फार सांभाळून.

रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तर ऑक्सिजन लगेच चालू करा, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) आणि थुंकीचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी घ्या पण त्यापायी डोस लांबवू नका. सहसा सेफ्ट्रायक्सोन आणि सोबत अझिथ्रोमायसिन शिरेतून देतात, नुसतं एकच औषध इथे पुरत नाही. फ्लूची टेस्ट पण करा, फ्लू निघाला तर ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध द्यायचं आणि स्टेरॉइड टाळायचं. फ्लू नसेल तर हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिवसाला 200 मिग्रॅ, 2023 च्या फ्रेंच ट्रायलमध्ये त्याने मृत्यू कमी झाले. 48 ते 72 तासांत सुधारणा नाही दिसली तर छातीत पू झालाय का ते सोनोग्राफीने बघाच.