बर्फ पडला की शाळा असते का? न्यू जर्सीतला पहिला हिवाळा काढणाऱ्या पालकांसाठी

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या एका प्राथमिक शाळेत मी मदतनीस आहे. सकाळी बसमधून मुलं उतरवून घ्यायची आणि दुपारी परत बसमध्ये बसवून द्यायची, हे माझं रोजचं काम. डिसेंबर लागला की भारतातून नव्याने आलेल्या आया विचारू लागतात, "ताई, बर्फ पडला तर शाळा असते की नसते?" याचं एका शब्दात उत्तर नाही. पण अंदाज कसा बांधायचा आणि घरात काय तयारी ठेवायची, ते सांगते.

आधी निर्णय कोण घेतं ते समजून घ्या. आपल्याकडे मुसळधार पावसात जिल्हाधिकारी किंवा महापालिका सुट्टी जाहीर करते आणि सगळ्या शाळा एकदम बंद होतात. इथे बहुतेक प्रत्येक गावाचा स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तिथल्या शाळांचा कारभार, वेगळा आणि त्याचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे प्रमुख, वेगळा. एडिसनला सुट्टी आणि शेजारच्या गावात शाळा चालू, असं होऊ शकतं. त्यामुळे मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका. डिस्ट्रिक्टचा रेकॉर्ड केलेला फोन आणि मेसेज येतो, बहुधा पहाटे पाचच्या सुमाराला. इतक्या लवकर का, तर एकच बस आधी हायस्कूलची, मग मिडल स्कूलची आणि शेवटी आमच्या लहानग्यांची फेरी करते. जानेवारीत इथे सूर्य सव्वासाताच्या सुमाराला उगवतो. हायस्कूलची मुलं त्याआधीच अंधारात स्टॉपवर उभी असतात. पहिल्या फेरीचा ड्रायव्हर घरातून निघायच्या आत निर्णय व्हावा लागतो.

म्हणून आजच पॅरेंट पोर्टल, म्हणजे शाळेची पालकांसाठीची वेबसाइट, उघडून आपला फोन नंबर तपासा. जुना, बंद पडलेला नंबर तसाच राहिला म्हणून आई मुलाला घेऊन बंद शाळेच्या दारात पोचली, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं.

अंदाज बांधताना किती इंच पडणार हे शेवटी बघा. चार इंच कोरडा, भुरभुरीत बर्फ रात्री दहाला थांबला असेल तर सकाळपर्यंत रस्ते साफ होतात. पण पहाटे चारला सुरू झालेला गोठता पाऊस (जमिनीला टेकताच बर्फ होणारा), भले तो डोळ्याला दिसतही नसेल, शाळा बंद करायला पुरेसा असतो. पारा ३२ अंश फॅरनहाइटच्या (म्हणजे शून्य सेल्सिअसच्या) आसपास घुटमळतोय का, ते बघा. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठलं की रस्ता नुसता ओला वाटतो आणि बस घसरते. आणि पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला तर रस्त्यावर टाकलेलं साधं मीठ फारसं काम करत नाही. आकाश निरभ्र असूनही सुट्टी का दिली, असं कधी वाटलं तर कारण बहुधा यातलंच असतं.

मग शाळा बंद ठेवावी की नाही? माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर असेल तर बंदच ठेवावी, आणि मुलं शाळेत यायच्या आधी ठरवावं. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला. शाळा, ऑफिसं, दुकानं सगळी एकाच वेळी दुपारी सोडली, रस्ते तुंबले आणि हजारो मुलांनी ती रात्र शाळेच्या जिममध्ये नाहीतर बसमध्ये काढली. पुढच्याच वर्षी उलटं झालं. २७ जानेवारी २०१५ ला न्यूयॉर्कने दोन फुटांच्या अंदाजावर शाळा बंद ठेवल्या आणि सेंट्रल पार्कमध्ये दहा इंचही पडला नाही. लोक चिडले. पण या दोन चुकांपैकी मला दुसरी केव्हाही चालेल.

तरीही सुट्टी फुकट पडत नाही, हे मी रोज बघते. आमच्या शाळेत काही मुलांचं दिवसातलं पहिलं गरम जेवण शाळेतच होतं. तासावर काम करणाऱ्या आईचा त्या दिवसाचा पगार बुडतो. म्हणून नुसता बर्फ असेल तर दोन तास उशिरा शाळा भरवणं मला सगळ्यात योग्य वाटतं. उजाडतं, मिठाचे ट्रक एक फेरी मारून जातात आणि दिवस वाया जात नाही. फक्त त्या दिवशी शाळेत सकाळचा नाश्ता नसतो, तेव्हा पोरांना घरून खाऊन पाठवा. गरम पोहे, उपमा, काहीही.

आता स्टॉपबद्दल. बर्फ लोटणारा ट्रक रस्ता साफ करतो आणि सगळा ढीग कडेला लोटतो. मुलांना उभं राहायला जागाच उरत नाही, मग ती रस्त्यात उभी राहतात, नाहीतर ढिगावर चढतात. ढिगावरून पाय घसरला की मूल सरळ बसच्या चाकाकडे येतं. आदल्या संध्याकाळी फावडं घेऊन स्टॉपजवळ चार मुलं मावतील एवढी जागा मोकळी करा. शेजाऱ्यांना हाक मारा, वीस मिनिटांचं काम आहे.

कपड्यांत एकच चूक सगळे करतात: आत सुती बनियन आणि वर भारी जॅकेट. सुती कापड घामाने ओलं होतं आणि अंगाला गार चिकटून राहतं. आत पातळ थर्मल, मधे फ्लीस, वर जॅकेट. लहानांना पाच बोटांचे हातमोजे नकोत, मिटन घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असलेले. केजीतल्या वीस मुलांची दोनशे बोटं एकेक करून हातमोज्यात घालताना मधली सुट्टी अर्धी संपते. जॅकेटची चेन मुलाला स्वतः लावता येते का, हे घरी बघा. चेनच्या टोकाला जाड नाडी बांधली की हातमोजा घालूनही ती ओढता येते. बर्फाचे बूट घालून पाठवा, वर्गात घालायला साधे शूज पिशवीत द्या, आणि प्रत्येक वस्तूवर नाव लिहा.

स्वतः गाडीने सोडणार असाल तर इंजिन सुरू करायच्या आधी मागच्या धुराच्या नळीपुढचा बर्फ काढा. मुलांना "तोवर गाडीत बसा, ऊब येईल" असं मुळीच सांगू नका. जानेवारी २०१६ च्या वादळात न्यू जर्सीतल्याच पसेइक शहरात वडील बाहेर बर्फ उपसत होते आणि आई मुलांना घेऊन चालू गाडीत बसली होती. नळी बर्फाने बुजली होती. आई आणि लेकरं त्या धुराने गेली.

शाळा मधूनच लवकर सोडली तर मुलाला कोण नेणार, ते आत्ताच ठरवा आणि त्या दोघा-तिघांची नावं शाळेच्या यादीत घाला. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांचंही नाव घाला आणि ओळखपत्र जवळ ठेवायला सांगा. यादीत नाव नसेल तर सख्ख्या मामाच्याही हातात मी मूल देऊ शकत नाही.

शेवटचं, तिकिटांचं. न्यू जर्सीत शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात. कॅलेंडरमध्ये बर्फाचे काही दिवस आधीच धरलेले असतात. ते उरले तर बऱ्याच ठिकाणी मे महिन्यात जादा सुट्टी मिळते, कमी पडले तर वसंतातली सुट्टी कापतात किंवा जूनमध्ये शाळा लांबते. तेव्हा मुंबईचं तिकीट शाळेच्या शेवटच्या दिवसाला लागून काढू नका. मधे किमान चार-पाच दिवस सोडा, नाहीतर तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या.