मनगटाचं फ्रॅक्चर झाल्यावर कुंड्यांची कामं पुन्हा कशी सुरू करावीत

तोल गेला की माणूस आपोआप हात टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. पाळी थांबल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, त्यामुळे पन्नाशीपुढच्या बायकांना हे फार होतं. प्लास्टर साधारण 6 आठवडे असतं. ते निघालं की हात बरा झाला असं वाटतं, पण हाड नुकतंच जुळलेलं असतं, मनगट आखडलेलं असतं आणि पकड गेलेली असते. पूर्वीसारखी ताकद यायला पुढे काही महिने जातात. तोवर बाग सोडून द्यायची मुळीच गरज नाही, कामाची रीत तेवढी बदलायची.

प्लास्टर असेपर्यंत तो हात माती-पाण्यापासून लांब ठेवा. हाडात तारा घालून त्यांची टोकं बाहेर ठेवली असतील, तर मातीला अजिबात शिवू नका. तिथून जंतू थेट आत जातात. दुसऱ्या हातानं पिवळी पानं खुडा, तेवढं पुरे. प्लास्टरमधला हात मात्र खाली लोंबता ठेवू नका, सूज वाढते.

प्लास्टर निघाल्यावर आधी डॉक्टरांशी किंवा फिजिओथेरपिस्टशी बोला. "बागकाम करू का?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं. या हातानं किती किलो उचलू, पिळायचं काम कधीपासून करू, हे विचारून घ्या.

मग कुंडी वर आणा. हे सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीवर उकिडवं बसून काम केलं की उठताना आपण नकळत तळहात टेकतो आणि अख्ख्या शरीराचा भार त्या वाकलेल्या मनगटावर येतो. खुरपण्यानं होणार नाही तेवढा त्रास या एका उठण्यानं होतो. म्हणून टेबलावर किंवा कट्ट्यावर कुंडी ठेवायची आणि समोर खुर्चीत बसायचं. कुंडी उचलून ठेवायला घरातल्या कुणाला तरी सांगा. ओल्या मातीची मोठी कुंडी सहज 15 किलोंच्या पुढे जाते.

पाण्याचंही तेच. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, तेव्हा भरलेली झारी नको. चांगल्या हातात छोटा तांब्या धरा, नाहीतर नळाला पाईप लावा. गच्चीवर शेवाळ धरलं असेल तर ते दुसऱ्या कुणाकडून घासून घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नका. पुन्हा पडणं आता परवडणारं नाही.

खुरप्याच्या मुठीला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून ती जाड करा, बोटं कमी आवळावी लागतात. माती आदल्या दिवशी भिजवून ठेवा. काम करताना मनगट सरळ, हालचाल कोपरापासून. जाड फांद्या छाटणं आणि मुळासकट तण उपटणं अजून काही आठवडे नाहीच.

सुरुवातीला मेथी लावा. पसरट ट्रेमध्ये चार बोटं माती, रात्रभर भिजवलेले दाणे वर पसरायचे, मातीचा पातळ थर द्यायचा. तीन-चार आठवड्यांत भाजी खुडायला येते. उपटायची नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत देठ धरून एकेक खुडायची. आखडलेली बोटं यानं हळूहळू मोकळी होतात.

पहिले काही दिवस एका वेळी 10 मिनिटं काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात सुजलेला किंवा जास्त दुखरा वाटला, तर त्या दिवशी सुट्टी आणि पुढच्या वेळी निम्मा वेळ.

बोटं बधिर पडली, हात लालसर-चकचकीत होऊन आगआग व्हायला लागली, किंवा अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाला, तर काम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनीसुद्धा अंगठ्याचा स्नायुबंध तुटू शकतो, आणि तो फारसा न दुखता तुटतो.