लिनक्स लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर काळाच राहतो तेव्हा

केबल नीट बसली आहे, मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलं आहे, तीच केबल आणि तोच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपवर चालतो, एवढं तुम्ही पाहिलंच असेल. पुढचं सगळं उबुंटू डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मिंट, डेबियन, फेडोरावरही तपासणीचा क्रम हाच, काही आज्ञा मात्र वेगळ्या. आज्ञा इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. पोर्टांची नावं मात्र यादीत दिसतील तशीच.

आधी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) विचारा

डिस्प्ले सेटिंग्ज उघडून बटणं दाबत बसू नका. मॉनिटर जोडलेला ठेवून टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या:

ग्रेप . /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस

प्रत्येक पोर्टापुढे 'कनेक्टेड' किंवा 'डिसकनेक्टेड' असं उत्तर येतं. ईडीपी-१ हा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. एचडीएमआय-ए-१, डीपी-१ वगैरे बाहेरचे पोर्ट. पुढे काय करायचं ते या एका उत्तरावर ठरतं, म्हणून ही पायरी गाळू नका. 'कनेक्टेड' आलं तर केबल बदलण्यात पैसे घालवू नका, दोष बहुधा डेस्कटॉपच्या मांडणीत आहे. 'डिसकनेक्टेड' आलं तर संशय केबल, अडॅप्टर आणि पोर्टावर. आणि तुम्ही केबल लावलेला पोर्ट यादीतच नसेल, तर पुढचा भाग सावकाश वाचा.

अडॅप्टरबद्दल दोनच गोष्टी. लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय मॉनिटरकडे नेणारा साधा अडॅप्टर उलट्या दिशेने चालत नाही. आणि प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर पडतंच असं नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात.

पोर्ट कोणत्या ग्राफिक्स कार्डाचा आहे?

मला सर्वांत जास्त झगडायला लागलं ते इथे. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडी आणि जोडीला एनव्हिडिया, लॅपटॉपचा पडदा सहसा पहिल्याला जोडलेला असतो. एचडीएमआय पोर्ट मात्र पुष्कळ मॉडेलमध्ये थेट एनव्हिडियाला जोडलेला असतो. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालू नसला तरी लॅपटॉपचा पडदा अगदी ठणठणीत चालतो आणि एचडीएमआय पोर्ट मेलेला वाटतो. पोर्ट खराब झाला असं समजून मदरबोर्ड बदलायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. थांबा, आधी हे तपासा.

'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' ही आज्ञा द्या. उत्तर 'इंटेल' आलं, तर बॅटरी वाचवण्यासाठी एनव्हिडिया बंद केलेलं आहे आणि त्याला जोडलेले पोर्टही त्याच्याबरोबर बंद आहेत. 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. नुसतं लॉगआउट करून भागेल यावर विसंबू नका.

उत्तर 'ऑन-डिमांड' किंवा 'एनव्हिडिया' असूनही पोर्ट दिसत नसेल, तर 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. ड्रायव्हरशी बोलता येत नाही असा संदेश आला की माझा पहिला संशय सिक्युअर बूटवर (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या सोयीवर) जातो. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा घाईत ओलांडला, तर सही न जुळलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' देऊन ती पायरी पुन्हा करता येते. सिक्युअर बूट कायमचं बंद करा हा सल्ला सर्रास दिला जातो; मी तो देणार नाही.

ड्रायव्हर चालू आहे, तरी वेलँडवर (पडद्यावर चित्र मांडणारी नवी पद्धत; जुनी ती एक्स११) पोर्ट नाही? मग 'सुडो कॅट /सिस/मॉड्यूल/एनव्हिडिया_डीआरएम/पॅरामीटर्स/मोडसेट' पाहा. उत्तर 'वाय' हवं. 'एन' असेल तर कर्नलच्या बूट ओळीत (ती कोणत्या फाइलमध्ये असते ते पुढच्या परिच्छेदात) 'एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=1' घाला.

आणि सर्वांत घातक सल्ला म्हणजे 'नोमोडसेट'. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडतो म्हणून लोक तो शब्द बूट ओळीत घालतात आणि काम झाल्यावर तो तिथेच राहतो. त्यामुळे कर्नलचं पडदे हाताळण्याचं कामच बंद पडतं, मग बाहेरचा मॉनिटर ओळखणार कोण? 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' मध्ये तो दिसला तर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलमधून काढा, 'सुडो अपडेट-ग्रब' करा, रीस्टार्ट करा. तो असेपर्यंत बाकी कुठलाच उपाय करून पाहू नका. इंटरनेटवरून उचललेली एक्सऑर्गची (एक्स११ चालवणाऱ्या प्रोग्रामची) कॉन्फ फाइल चिकटवणंही तितकंच वाईट. ती दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपसाठी लिहिलेली असते.

कनेक्टेड आहे, पण चित्र नाही

सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि पी ही बटणं एकत्र दाबा. 'मिरर', 'जॉइन', 'एक्स्टर्नल ओन्ली' असे पर्याय फिरतात. बऱ्याचदा काम इथेच होतं.

नाही झालं तर 'एको $एक्सडीजी_सेशन_टाइप' देऊन सेशन एक्स११ आहे की वेलँड ते पाहा. या आज्ञेत डॉलरनंतरची अक्षरं मोठी लिहायची. एक्स११ असेल तर 'एक्सरँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --ऑटो --राइट-ऑफ ईडीपी-१'. पोर्टाची नावं आधी नुसतं 'एक्सरँडआर' चालवून बघा, कारण कर्नलचं एचडीएमआय-ए-१ इथे एचडीएमआय-१ होतं आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर एचडीएमआय-०. वेलँडवर एक्सरँडआरने मांडणी बदलत नाही. तिथे ग्नोमच्या (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपच्या) सेटिंग्ज किंवा केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं 'केस्क्रीन-डॉक्टर' वापरा.

ग्नोम जुनी मांडणी लक्षात ठेवतं आणि कधीकधी तीच आडवी येते. होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग' मध्ये 'मॉनिटर्स.एक्सएमएल' आहे, तिचं नाव बदला आणि पुन्हा लॉगइन करा. फाइल पुसू नका, जुनी मांडणी परत लागू शकते.

४के मॉनिटर 30 हर्ट्झवरच अडकला असेल तर पोर्ट किंवा केबल एचडीएमआय 1.4 ची असण्याची शक्यता मोठी. 60 हर्ट्झला 2.0 लागतं.

झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपत असेल तर '/ईटीसी/सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ' मध्ये 'हँडललिडस्विचडॉक्ड' ची किंमत 'इग्नोर' आहे ना ते पाहा. मूळ किंमत तीच असते, कुणी बदलली असेल तर परत करा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट एचडीएमआय निवडा.