जपानी खरंच किती येतं? पहिलीच्या मुलांचं दोरिरु सोडवून बघा

जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा, दिलेल्या सगळ्यांना माहितीये की त्या परीक्षेत एकही अक्षर हाताने लिहावं लागत नाही, पर्याय बघायचे आणि गोल काळा करायचा. त्यामुळे तिच्या पायऱ्यांतला एन४ झाला, त्याच्या वरचा एन३ झाला तरी आपल्याला नक्की काय येतं आणि काय नुसतं ओळखता येतं हे कळतच नाही. मी पुण्यात एन३ पास झाले आणि त्याच महिन्यात नागोयाला राहणाऱ्या मैत्रिणीने तिच्या लेकीच्या गृहपाठाचा फोटो पाठवला, लेक पहिलीत, म्हणजे तिकडे म्हणतात तसं शो-इचीत. मी तो कागदावर उतरवून सोडवला आणि एका पानात सहा चुका निघाल्या. तेव्हापासून रविवारी सकाळी एक पान हा माझा नेम आहे, आणि कुणी विचारलं की जपानी कितपत येतं हे कसं तपासू, तर मी हेच सांगते.

आधी सामान. दोरिरु म्हणजे सरावाची वही, आणि सुट्ट्या सरावाच्या कागदाला पुरिंतो म्हणतात. जपानहून कुणी येणार असेल तर दाइसोमधून आणायला सांगा, ११० येनला एक मिळते. नाहीतर सर्चमध्ये जपानीत 'शो-इची कोकुगो मुऱ्यो पुरिंतो' टाइप करा, मुऱ्यो म्हणजे फुकट, छापून घेता येतील असे ढीगभर कागद मिळतात. कोकुगो म्हणजे त्यांचा भाषा विषय, सान्सू म्हणजे गणित, आणि दोन्ही घ्यायचे, गणित का ते पुढे सांगते. पेन्सिल मऊ घ्या, टूबी वगैरे, तिकडची लहान मुलं तशीच वापरतात आणि त्याला कारण आहे. स्क्रीनवर सोडवू नका. स्क्रीनवरच्या फॉन्टमध्ये 'कि' आणि 'सा' ह्या अक्षरांचा खालचा भाग बऱ्याचदा वरच्याला जोडलेला दिसतो, मुलांच्या वहीत तो सुटा असतो, आणि हाताने तसाच लिहायचा असतो.

एन३ झालेला असला तरी सुरुवात पहिलीपासूनच करा, प्लीज. जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मिळून १०२६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, शिकवतात, पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, मग २०२, १९३ आणि १९१. पण हा क्रम आपल्या क्लासच्या क्रमासारखा नाही. आपण पहिल्याच धड्यात शिकतो ती 'वाताशि', म्हणजे मी, ह्याची कांजी त्यांना सहावीत येते, तोपर्यंत मुलं ते हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या लिपीत, लिहितात. स्टेशनची 'एकि' तिसरीत. उलट पहिलीच्या ८० मध्ये किडा, शिंपला, दोरा, बांबू असल्या कांजी आहेत, ज्या आपल्या पुस्तकात उशिरा येतात. म्हणून '८० तर सगळ्या येतात' असं म्हणून पुढे जायचं नाही, वाचून नाही तर लिहून बघायचं.

एकच जोडी घ्या, डावा आणि उजवा. 'हिदारि' लिहिताना आधी आडवी रेघ आणि मग डावीकडे उतरणारी तिरकी. 'मिगि' लिहिताना आधी तिरकी आणि मग आडवी. लिहून झाल्यावर दोन्हींचा वरचा भाग जवळपास सारखाच दिसतो म्हणून आपल्याला फरक कधी जाणवतच नाही, पण पहिलीच्या दोरिरुत 'कितवी रेघ ते आकड्यात लिहा' असा प्रश्न हमखास असतो आणि मोठी माणसं तिथेच अडतात. शिवाय रेघेच्या टोकाला काय होतं तेही बघतात. रेघ थांबवली तर तोमे, टोकाला उडवली तर हाने, निमुळती करत सोडली तर हाराइ. कडक पेन्सिलीने हे तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून टूबी.

काना, म्हणजे हिरागानासारखी उच्चाराप्रमाणे लिहायची अक्षरं, ह्यात आपल्या मराठी माणसांची चुकायची एक ठरावीक जागा आहे. जोडाक्षरं आणि द्वित्त आपल्याला सोपं जातं, 'किते' आणि 'कित्ते' मध्ये कुणी गोंधळत नाही कारण पता आणि पत्ता हे आपल्या तोंडातलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र शाळेपासून छळतं आणि इथेही छळतं, त्यातही लांब ओ, कारण आपल्याकडे ओ एकच. जपानीत लांब ओ बहुतेक वेळा 'उ' लावून लिहितात, बाबांना 'ओतोओसान' म्हणतात पण लिहिताना 'ओतोउसान'. काही शब्दांत मात्र 'ओ'च लागतो, आणि ते लक्षात राहावेत म्हणून मुलांना एक वाक्य पाठ करायला देतात: तोओकु नो ओओकिना कोओरि नो उए ओ ओओकु नो ओओकामि तोओझुत्सु तोओत्ता. म्हणजे दूरच्या मोठ्या बर्फावरून पुष्कळ लांडगे दहा-दहा करून गेले. नेहमीचे अपवाद बरेचसे ह्या एका ओळीत बसलेत, ती पाठ करा आणि मग कुणाला तरी वाचायला सांगून ऐकून लिहा. पुस्तकात बघून लिहिलं तर काहीच कळणार नाही.

आता गणित. सगळ्यात जास्त कस इथे लागतो. हे शो-इची पद्धतीचं उदाहरण बघा:

एन्पित्सु गा १३ बोन आरिमासु. तोमोदाचि नि ६ पोन आगेमाशिता. नोकोरि वा नान्बोन देसु का.

१३ पेन्सिली आहेत, मित्राला ६ दिल्या, उरल्या किती. वजाबाकी कुणालाही येईल, पण हे मोठ्याने वाचा. १३ ला जूसान्बोन, ६ ला रोप्पोन, आणि उत्तर ७ ला नानाहोन. होन हा लांबट वस्तू मोजताना आकड्याला लावायचा शब्द, आणि आकड्याप्रमाणे त्याचा उच्चार बदलतो. बोन, पोन, होन तिन्ही एकाच उदाहरणात! कागदावर आकडा आणि तिन्हींसाठी बहुधा एकच कांजी असते त्यामुळे वाचल्याशिवाय आपली चूक आपल्याला दिसतच नाही. आता 'आगेमाशिता' खोडा आणि तिथे 'मोराइमाशिता' लिहा. 'तोमोदाचि नि' तसंच राहिलं, 'नि' हा प्रत्यय तोच राहिला, पण आता मित्राने दिल्यात, बेरीज झाली, उत्तर १९, जूक्यूहोन, आणि 'उरल्या किती' च्या जागी 'झेन्बु दे', म्हणजे सगळ्या मिळून, असं विचारावं लागेल. देणं-घेणं कोणाकडून कोणाकडे हे व्याकरणाच्या तक्त्यात दहा वेळा वाचलं तरी घोळ होतो, इथे चुकलं तर उत्तरच चुकतं त्यामुळे डोक्यात पक्कं बसतं. उत्तर लिहिताना 'शिकि' समोर मांडणी आणि 'कोताए' समोर आकडा, आणि आकड्यापुढे होन लिहायलाच हवं, आपल्याकडे '७ पेन्सिली' न लिहिता नुसतं ७ लिहिलं की बाई लाल शाई मारायच्या तसंच. पेन्सिलींनंतर पक्षी मोजा, एक, दोन, तीन म्हणजे इचिवा, निवा, साम्बा, मग तारखा, एक, दोन आणि वीस तारखेला त्सुइताची, फुत्सुका, हात्सुका. ह्या तारखा मोठ्याने, उलट्या क्रमाने म्हणा.

सोडवायची पद्धत साधी आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत, डिक्शनरी बंद, एक पान, वीस मिनिटं. अडलं तर जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका कारण तुम्हाला मार्क नकोत, भोक कुठे आहे ते हवंय. तपासायचं मात्र दुसऱ्या दिवशी, त्याच बैठकीत तपासलं की डोळे आपलंच लिहिलेलं बरोबर समजून पुढे जातात. उत्तरं वहीत मागे असतात आणि बऱ्याचदा 'ओउचि नो काता ए' म्हणजे 'घरच्यांसाठी' असा छोटा मजकूर असतो, तो नक्की वाचा, मुलं कुठे चुकतात ते तिथे लिहिलेलं असतं आणि मोठ्यांसाठीचं जपानी वाचनही होतं. जपानी मित्राकडून तपासून घेत असाल तर एक लक्षात ठेवा, तिकडे बरोबरला गोल करतात आणि आपल्या बरोबरच्या खुणेसारखी खूण चुकीला असते. पानभर त्या खुणा बघून खूश होऊ नका. खूप छान असेल तर फुलासारखा गोल काढतात, हानामारु, आणि तो पहिल्यांदा मिळाला ते पान मी अजून जपून ठेवलंय.

चुकलेलं लगेच पुन्हा लिहा आणि मग आठवड्याने कोऱ्या कागदावर तेच पान परत सोडवा. दुसऱ्यांदाही चुकलं तेवढंच वहीत टिपून ठेवायचं, सगळं टिपत बसलात तर वही कधी उघडणार नाही.

दोरिरुवरून काय ठरवू नये तेही सांगते. त्यात झारिगानि, दोंगुरि, ताम्पोपो असले शब्द भरपूर येतात, म्हणजे ओढ्यातली झिंगी, ओकच्या झाडाची फळं आणि एक पिवळं रानफूल, तिथली मुलं त्यात खेळतात म्हणून त्यांना येतात, तुम्हाला नाही आले तर ती तुमची चूक धरू नका, फक्त बघून घ्या. आणि ऑफिसातलं केइगो, म्हणजे आदरार्थी बोलणं, किंवा बातम्यांचं जपानी ह्यात अजिबात नाही, त्यासाठी वेगळी तयारी लागते.

पहिली संपली की नाही हे ठरवायला कांजी केन्तेइ ह्या कांजीच्या परीक्षेची १० क्यूची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीची, जुनी प्रश्नपत्रिका घ्या, तीच पहिलीची ८० कांजी, ४० मिनिटं, १५० मार्क, पास व्हायला साधारण ८० टक्के, म्हणजे १२०. घरी घड्याळ लावून १४० च्या वर आलात तर दुसरी सुरू करा. दुसरीत कुकु येतात, म्हणजे पाढे, आणि त्यांनाही आपल्या 'बे दुणे चार' सारखी स्वतःची लय आहे, 'निनिन गा शि', 'निसान गा रोकु', आठे आठे चौसष्टला 'हाप्पा रोकुजूशि'. नेहमीच्या बोलण्यातल्यासारखे आकडे त्यात म्हणत नाहीत, त्यामुळे आधी ऐका, ऐकून नुसती उत्तरं आकड्यात लिहा, आणि ते जमल्यावरच तोंडाने म्हणायला घ्या.