टॉपमधील आज्ञा आणि चुकांचे संदेश: अडकलेली प्रोसेस कशी हाताळावी

लिनक्सवर चालणारा संगणक संथ झाला की बहुतेक जण टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, यादी दाखवणारा टॉप हा प्रोग्राम चालवतात, यादीतल्या सर्वांत वरच्या ओळीकडे पाहतात आणि ती प्रोसेस बंद करून टाकतात. अनेकदा हे खपूनही जाते. परंतु नागपूरच्या इतवारीतील एखाद्या ठोक व्यापाऱ्याच्या पेढीवर बिलिंग, मालाच्या साठ्याची नोंद आणि रात्रीचा बॅकअप ही तिन्ही कामे एकाच उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) यंत्रावर चालत असतील, तर भलतीच प्रोसेस बंद होणे म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या हिशेबाचा खोळंबा ठरलेला. अशा यंत्राची देखभाल ज्यांच्या अंगावर येऊन पडली आहे, पण ज्यांनी संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

लेखात कळांची आणि आज्ञांची नावे उच्चारानुसार दिली आहेत; टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करावीत. वेगळे सांगितले नसेल तेथे अक्षर लहान लिपीतले समजावे, कारण टॉपमध्ये लहान एम आणि शिफ्ट धरून दाबलेला एम या दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. कॅप्स लॉक चालू राहिल्यामुळे होणारा गोंधळ म्हणूनच फार आढळतो. मराठीत टायपिंग करणाऱ्यांच्या बाबतीत याच जातीची आणखी एक अडचण येते: कीबोर्ड देवनागरीवर असताना के ही कळ दाबली, तर इनस्क्रिप्ट मांडणीत टॉपकडे ‘क’ हे अक्षर जाते आणि टॉपला त्यातून काहीही बोध होत नाही. प्रोसेसचा क्रमांक देवनागरी आकड्यांत लिहिला तरी तो स्वीकारला जात नाही. कळा काम करेनाशा झाल्या की सर्वप्रथम कीबोर्डची भाषा तपासावी.

मधली ओळ

टॉपच्या पडद्याचे दोन भाग असतात. वर सारांश, ज्यात लोड ॲव्हरेज (यंत्रावरचा सरासरी भार), प्रोसेसरचा वापर आणि मेमरी दिसते. खाली प्रोसेसची यादी, जी सामान्यतः दर 3 सेकंदांनी ताजी होते. या दोहोंच्या मध्ये, स्तंभांच्या शीर्षकांच्या लगेच वर, एक रिकामी ओळ असते. टॉप जे काही विचारतो ते त्याच ओळीवर, आणि चूक झाली तर सांगतोही त्याच ओळीवर. चुकीबद्दलचा संदेश तेथे थोडाच वेळ टिकतो आणि मग पुसला जातो. नजर यादीवर खिळलेली असल्यामुळे तो वाचलाच जात नाही आणि माणूस तीच कळ पुन्हा पुन्हा दाबत राहतो. टॉप वापरताना एकच सवय लावून घ्यायची असेल, तर ती ही: कळ दाबल्यावर आधी मधली ओळ वाचावी, मगच पुढची कळ दाबावी.

‘अननोन कमांड, ट्राय एच फॉर हेल्प’ हा तेथे सर्वाधिक दिसणारा संदेश होय. त्याचा अर्थ एवढाच की दाबलेल्या कळेला टॉपमध्ये काही काम नेमलेले नाही. त्याने नुकसान काहीच होत नाही. एच दाबल्यावर आज्ञांची यादी येते आणि क्यू दाबल्यावर माणूस टॉपमधून बाहेर पडतो.

प्रोसेस बंद करण्याच्या पायऱ्या

प्रथम यादी नीट लावून घ्यावी. शिफ्टसह पी दाबल्यास प्रोसेसरच्या वापरानुसार आणि शिफ्टसह एम दाबल्यास मेमरीच्या वापरानुसार क्रम लागतो. त्यानंतर सी दाबावी, म्हणजे प्रोसेसच्या नुसत्या नावाऐवजी तिची संपूर्ण आज्ञा दिसू लागते. ही पायरी गाळू नये. यादीत ‘जावा’ किंवा ‘पायथन थ्री’ या नावाच्या तीन ओळी असतील, तर त्यांतली बिलिंगची कोणती आणि बॅकअपची कोणती हे नावावरून कळत नाही, पूर्ण आज्ञेवरून कळते. एकाच वापरकर्त्याच्या प्रोसेस पाहायच्या असल्यास यू दाबून त्याचे नाव द्यावे.

आता डावीकडचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, कागदावर लिहून घ्यावा आणि के दाबावी. मधल्या ओळीवर टॉप पीआयडी विचारतो आणि चौकटी कंसात स्वतःच एक क्रमांक सुचवतो. घात होतो तो याच ठिकाणी. सुचवलेला क्रमांक आपल्या मनातल्या प्रोसेसचा असेलच असे नाही. पडद्यावर त्या घटकेला जी प्रोसेस पहिली दिसत असेल, तिचा तो असतो. यादी दर 3 सेकंदांनी नव्याने लागत असल्यामुळे, आपण ठरवल्यापासून के दाबेपर्यंतच्या अवधीत पहिली ओळ बदललेली असू शकते. म्हणून नुसते एंटर कधीही दाबू नये. लिहून घेतलेला क्रमांक स्वतः टाइप करावा.

क्रमांक दिल्यावर टॉप कोणता सिग्नल, म्हणजे प्रोसेसला द्यायची सूचना, पाठवायचा ते विचारतो. न बदलता एंटर दाबल्यास 15 क्रमांकाचा सिग्नल जातो. तो प्रोसेसला आवरते घेण्याची विनंती करतो, त्यामुळे उघड्या फायली नीट बंद करून बाहेर पडण्याची तिला संधी मिळते. 9 क्रमांकाचा सिग्नल अशी संधी देत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती प्रोसेस जागच्या जागी संपवतो. आधी 15 द्यावा, थोडा वेळ वाट पाहावी आणि प्रोसेस हललीच नाही तर 9 कडे वळावे. डेटाबेससारखी प्रोसेस असेल, तर माझ्या मते टॉपमधून ती बंद करूच नये. ती सिस्टमसीटीएल स्टॉप या आज्ञेने थांबवावी, कारण अनेक सेवा (पाठीमागे सतत चालणारे प्रोग्राम) मेल्या की आपोआप पुन्हा सुरू होण्यासाठी बांधलेल्या असतात आणि मग आपण मारलेली प्रोसेस नवा पीआयडी घेऊन परत उभी राहते.

मध्येच मन बदलले, तर कोणत्याही प्रश्नावर एस्केप दाबावे. सिग्नलच्या प्रश्नावर 0 दिला तरी आज्ञा रद्द होते. पीआयडीच्या प्रश्नावर मात्र रद्द करण्याच्या हेतूने 0 देऊ नये, कारण तेथे 0 याचा अर्थ खुद्द टॉप असा होतो.

आज्ञा दिली, पण प्रोसेस गेली नाही

मधल्या ओळीवर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे आले, तर ती प्रोसेस दुसऱ्या वापरकर्त्याची किंवा रूटची, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाची, आहे. आपल्याला तसा अधिकार असेल, तर क्यू दाबून बाहेर पडावे आणि सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवणारी आज्ञा) लावून टॉप पुन्हा सुरू करावा. ‘नो सच प्रोसेस’ आले, तर आपण क्रमांक टाइप करेपर्यंत ती प्रोसेस आपोआप संपलेली असते, किंवा क्रमांकातला एखादा आकडा चुकलेला असतो. ‘अनॲक्सेप्टेबल इंटिजर’ म्हणजे क्रमांकाच्या जागी दुसरेच काही लिहिले गेले आहे.

सर्वांत बुचकळ्यात टाकणारी स्थिती वेगळीच आहे: संदेश काहीच येत नाही, 9 क्रमांकाचा सिग्नलही जातो, तरी प्रोसेस जागेवरच असते. अशा वेळी एस या शीर्षकाचा, प्रोसेसची स्थिती दाखवणारा, स्तंभ पाहावा. तेथे डी असेल, तर प्रोसेस कर्नलमध्ये एखाद्या कामाची, बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरील साठ्याच्या उत्तराची, वाट पाहत असते आणि ते उत्तर येईपर्यंत तिच्यावर सिग्नलचा परिणाम होत नाही. बॅकअपच्या यूएसबी डिस्कची केबल सैल झाली की नेमके हेच घडते. वरच्या सारांशात डब्ल्यूए हा, अशा प्रतीक्षेत गेलेला वेळ दाखवणारा, आकडा फुगलेला दिसतो. लिनक्समध्ये अशा थांबलेल्या प्रोसेससुद्धा लोड ॲव्हरेजमध्ये धरल्या जात असल्यामुळे, प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतानाही लोड वाढलेला दिसतो. येथे उपाय डिस्कवर करायचा असतो, प्रोसेसवर नव्हे.

एस स्तंभात झेड असेल, तर ती प्रोसेस आधीच संपलेली आहे. तिच्या जनक प्रोसेसने तिचा निकाल वाचलेला नाही, एवढ्यासाठीच तिची नोंद यादीत उरली आहे. तिला सिग्नल पाठवून उपयोग नाही. शिफ्टसह व्ही दाबल्यास प्रोसेसचा वंशवृक्ष दिसतो. त्यावरून जनक शोधून त्याची सेवा पुन्हा सुरू करावी. अशा एक-दोन नोंदी असतील, तर दुर्लक्ष केले तरी चालते.

येथे नागपूरच्या उन्हाळ्याची गोष्ट आल्यावाचून राहत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि पेढीवरचा सर्व्हर बहुधा कूलरच्या झोतापासून दूर, धूळ खात कोपऱ्यात पडलेला असतो. तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, त्यामुळे एरवी निमूट चालणारी प्रोसेसही यादीत वर चढते. टॉप तापमान दाखवत नाही. सेन्सर्स ही आज्ञा ते दाखवते. दुपारीच यंत्र संथ होत असेल, तर प्रोसेसच्या मागे लागण्यापूर्वी तापमान पाहावे.

बंद न करता प्राधान्य कमी करणे

बॅकअप भर दुपारी सुरू झाला असेल, तर तो मारण्याऐवजी आर दाबून त्याचे नाइस मूल्य वाढवावे. हे मूल्य उणे 20 ते 19 या दरम्यान असते आणि ते जितके मोठे तितके प्राधान्य कमी. सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या प्रोसेसचे मूल्य वाढवता येते, परंतु एरवी खाली आणता येत नाही. तसा प्रयत्न केल्यास ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर मिळते. येथेही टॉप पहिल्या ओळीचाच पीआयडी सुचवतो, हे ध्यानात ठेवावे.

यादी अचानक रिकामी झाली तर

चुकून आय दाबली गेल्यास स्वस्थ बसलेल्या सर्व प्रोसेस यादीतून लपतात आणि तीन-चारच ओळी उरतात. यू किंवा ओ (स्तंभातील मूल्यानुसार यादी गाळणारी) या आज्ञांनी लावलेली गाळणी विसरली गेल्यानेही असेच होते. बरोबरचे चिन्ह दाबले की ही सारी बंधने एकदम उठतात. ओ वापरताना स्तंभाचे नाव शीर्षकात आहे अगदी तसेच, मोठ्या लिपीत लिहावे लागते. संपूर्ण पडदाच गोठला असेल, तर कंट्रोलसह एस दाबले गेले असण्याची शक्यता असते. कंट्रोलसह क्यू दाबल्यावर तो पुन्हा हलू लागतो. शिफ्टसह डब्ल्यू दाबल्यास सध्याची मांडणी कायमची जतन होते, म्हणून पडदा अस्ताव्यस्त असताना ती कळ टाळावी.

टॉप सुरूच होत नाही तेव्हा

धरमपेठेतल्या घरून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर टर्मिनलमधून काम करण्याच्या सोयीने) पेढीवरच्या यंत्रावर जाताना टॉप ही आज्ञा त्याच ओळीत जोडली, तर ‘फेल्ड टीटीवाय गेट’ असा संदेश येऊ शकतो, कारण अशा जोडणीत टॉपला टर्मिनलच मिळत नाही. एसएसएचला उणे टी हा पर्याय द्यावा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) टॉपची नोंद फाइलमध्ये घ्यायची असेल, तर टॉपला उणे बी आणि उणे एन 2 हे पर्याय द्यावेत. दोन फेऱ्या घेण्याचे कारण असे, की पहिल्या फेरीतले प्रोसेसरचे आकडे त्या क्षणाचे नसतात. दुसऱ्या फेरीचेच वाचावेत. लांब आज्ञा कापल्या जात असतील, तर उणे डब्ल्यू 512 जोडावे.

‘टर्म एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉट सेट’ असे आल्यास एक्स्पोर्ट आज्ञेने टर्म या मोठ्या लिपीतील चलाला एक्सटर्म हे मूल्य द्यावे. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवण्याच्या बंदिस्त कप्प्यात) टॉप सापडतच नसेल, तर डेबियन आणि उबुंटूवर प्रॉक्प्स हे पॅकेज बसवावे. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर आधारित कंटेनरमध्ये मात्र बिझीबॉक्स या आटोपशीर आज्ञासंचातला छोटा टॉप असतो. त्यात के चालत नाही, म्हणून तेथे पीआयडी पाहून बाहेर यावे आणि किल ही आज्ञा शेलमधूनच (टर्मिनलच्या आज्ञा-ओळीवरूनच) द्यावी.